खिळा आणि बिऱ्हाड

११ जानेवारी १९९९, सोमवार

वही दादांनी दिली, माझ्या वडिलांनी. छापखान्यातून निवृत्त होताना त्यांनी उरल्यासुरल्या कागदांच्या वह्या बांधून आणल्या होत्या, त्यातली ही शेवटची. "रोज दोन ओळी लिहीत जा, यशया. डोकं ठिकाणावर ऱ्हातं," म्हणाले. माझं डोकं ठिकाणावर नाही, असा या घरात एकूण समज आहे.

आज शेजारच्या मालनबाई साखर मागायला आल्या आणि कॉम्प्युटरपुढे उभ्या राहिल्या. "दिसभर काय बघता वो ह्यात?" मी समजावलं, की इंटरनेटवर मराठी पान उघडलं तर अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसतात. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, त्याला प्लग-इन म्हणतात. तो ब्राउझरमध्ये बसवला की किड्यांची पुन्हा अक्षरं होतात. त्याचं नाव मी 'खिळा' ठेवलंय. दादांनी चाळीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, मी हा एकच जुळवतोय. मालनबाई म्हणाल्या, "म्हंजी औषीद मारता व्हय किड्यांवर!" इतकं नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

चारशे बारा लोक खिळा वापरतात. फुकट दिलाय, त्यामुळे तक्रारी मात्र भरपूर येतात.

बायको सिल्व्हिया नर्स आहे, तिची बदली झाली. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात. नगरहून पहाटेच्या एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं, मिरजगावमार्गे अडीच तास एका बाजूने. ती म्हणाली, "तिथं आवारातच क्वार्टर मिळतंय, दोन खोल्या. आपण सगळेच जाऊ या का?" मी म्हटलं, नवी आवृत्ती बाहेर पडू दे, मग बघू.

२ फेब्रुवारी, मंगळवार

भंडारदऱ्याहून गोरक्षनाथ यांचा फोन. त्यांचं धरणाजवळ लॉज आहे आणि पुतण्याने त्याचं मराठी पान केलंय. माणूस भडकलेला होता. "साहेब, तुमचा खिळा आमच्या भंडारदऱ्याचा दर्या करतोय. परवा गिऱ्हाईक इचारतं, तुमच्यापून समिंदर किती लांब हाय!"

पान उघडून बघितलं तर खरंच. 'भंडारदऱ्याला या'च्या जागी 'भंडारदर्याला या'. आडवा अर्धा र जायचा आणि वर रफार बसायचा. दादांना दाखवलं. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "आमच्याकडं ह्याचा वेगळा खिळा हुता, वेगळ्या घरात. हिंदीवाल्यांना त्याची गरज न्हाई, म्हनून तुज्या कॉम्प्युटरवाल्यांनी धरलाच नसंल. आपल्याला न्हाई चालत त्याच्याबिगर."

मला राग आला, स्वतःचाच. कंपोझिटरचा मुलगा आणि हे सुटलं! हा र बसवल्याशिवाय सोडणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराला कागद टाचला: 'ऱ् असलेले शब्द. ज्याला सुचेल त्याने लिहावे.' पहिला शब्द गोरक्षनाथांच्याच तोंडचा, गिऱ्हाईक.

७ फेब्रुवारी, रविवार

यादी वाढतेय. आमच्या कृपाने 'कोऱ्या' आणि 'घाबऱ्या' लिहिलं. तिसरीतल्या मुलीच्या मानाने शाबास. दादांनी लिहिलं: 'म्हाताऱ्याला चहा'. 'चहा' खोडला, पण करून दिला.

सिल्व्हियाने काही लिहिलं नाही. दमून येते. मी इंटरनेटच्या जोडणीवर असतो तेव्हा फोन अडकून राहतो, हे तिला आवडत नाही. एसटी मिरजगावला बंद पडली तेव्हा तिने बूथवरून सातदा लावला म्हणे. पण एकाच तारेवर दोन्ही कसं होणार?

२० फेब्रुवारी, शनिवार

बसला! गोरक्षनाथांचं पान नीट दिसतंय. ते म्हणाले, भंडारदऱ्याला या, जेवण आपल्याकडून. सिल्व्हियाला सांगितलं, आपण सगळे जाऊ. ती म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, जरा उसंत मिळाली की.

२२ मार्च, सोमवार

सत्यानाश. ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि लोकांनी ती धडाधड बसवून घेतली. तिच्यात खिळा उघडतो, दोन ओळी दाखवतो आणि जिथे ऱ् आला तिथे रिकामा चौकोन टाकून गप्प बसतो. पुढचं पान कोरं. माझ्या त्या लाडक्या अर्ध्या 'र'नेच घात केला.

सकाळपासून एकतीस पत्रं. त्यातलं एक मस्कतहून, जालिंदर नावाच्या इलेक्ट्रिशियनचं. राहुरी तालुक्यातला आहे, सहा वर्षं तिकडे. त्याला मराठी वाचता येतं पण टंकता येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. "साहेब, सुट्टीच्या दिवशी मी इंटरनेटच्या दुकानात जाऊन गावाकडच्या बातम्या वाचतो. आता नुसते डबे दिसत्यात. लवकर करा."

ही माणसं माझ्यावर विसंबून आहेत. मी कुणाला वचन दिलेलं नाही, पण म्हणून सोडून देता येतं का? नाही येत. आता संध्याकाळी सहा ते नऊ फक्त खिळा. जेवण टेबलावर आणून ठेवायला सांगितलंय.

२८ मार्च, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये उपासनेला गेलो नाही. कृपा एकटीच झावळी घेऊन मिरवली म्हणे.

पण आज एक आनंदाची गोष्ट झाली. सिल्व्हियाने यादीत शब्द टाकले! दोन महिन्यांत पहिल्यांदा. एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात:

दुसऱ्या
गावी
बिऱ्हाड
करते

'बिऱ्हाड' मला सुचलाच नव्हता. ऱ् आणि ह, जोडायला सगळ्यात अवघड. ताबडतोब टाकून बघितला. 'बि', चौकोन, पुढे कोरं. म्हणजे परीक्षेला उत्तम शब्द! 'गावी' आणि 'करते' यांत मात्र ऱ् नाही. ते खोडले आणि तिला समजावून सांगितलं, की र असला म्हणजे ऱ् असतोच असं नाही, 'गावी'त तर तोही नाही. तिने कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही खोडलंत?" मी म्हटलं, हो, पण बाकीचे दोन फार छान आहेत. ती भांडी घासायला गेली. एवढ्या तेवढ्यावरून रुसते हल्ली.

४ एप्रिल, ईस्टर

सूर्योदयाच्या उपासनेला गेलो. कबूल करतो, पाळकसाहेब रिकाम्या कबरेबद्दल बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढे रिकामा चौकोन होता. प्रभू क्षमा करो.

दुपारी सिल्व्हियाचे आईवडील जेवायला होते. बिर्याणी सुरेख झाली होती असं सगळे म्हणाले. मी ताट घेऊन आत बसलो होतो. ते गेल्यावर ती दारात उभी राहून म्हणाली, "क्वार्टरचं काय ठरवलंत? मला उद्या कळवायचंय." मी म्हटलं, हे एवढं मार्गी लागू दे. ती म्हणाली, "बरं."

सिल्व्हियाचं हे मला आवडतं. एका 'बरं'वर विषय मिटतो.

५ एप्रिल, सोमवार

काही झालं नाही. खिळा चार वेळा पडला.

१९ एप्रिल, सोमवार

कधी कधी वाटतं, मी हे का करतोय? दिवसा डीटीपीची कामं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, संध्याकाळी हे. कालच्या एका पत्रात पुण्याचे एक गृहस्थ लिहितात, 'जमत नसेल तर कशाला असले उद्योग करता?' वाचून कान तापले. उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.

मग कामाला लागलो. जमत नसेल कसं? जमवणार. चूक कुठल्या ओळीपासून सुरू होते ते सापडलंय. आता का होते ते सापडायचंय.

१ मे, शनिवार

कृपाचा निकाल. वर्गात दुसरी. तिला मिठी मारायला उठणार एवढ्यात जोडणी लागली, म्हणून बसल्या बसल्या हात केला.

सिल्व्हियाने शाळेचा कसलासा अर्ज सहीसाठी पुढे केला. पहिल्याच ओळीत 'विद्यार्थीनीचा'. शाळेच्या छापील अर्जात! 'थी' ऱ्हस्व केली, 'ईच्छितो'मधला 'ई' ऱ्हस्व केला आणि सही ठोकली. 'ऱ्हस्व' हा शब्दही मग यादीत घेतला. सिल्व्हिया म्हणाली, "वाचलंत ना नीट?" मी म्हटलं, वाचलं म्हणजे काय, दुरुस्त केलं!

दादा पलंगावरून म्हणाले, "यशया, तू लई हुशार हायस." त्यांचं कौतुक दुर्मिळ, म्हणून इथे नोंदवून ठेवतोय.

१६ मे, रविवार

सिल्व्हिया आणि कृपा कर्जतला गेल्या. सुट्टीचे दिवस, रोजची एसटी नको, तिथेच राहतो म्हणाल्या. टेम्पो केला होता. दोन गाद्या, ट्रंक, कुकर, शिलाई मशीन. महिन्याभराच्या सुट्टीला शिलाई मशीन कशाला लागतं देव जाणे. पण मी मध्ये बोललो नाही. घरात शांतता आहे, काम उरकेल.

निघताना कृपा म्हणाली, "पप्पा, तुमी कदी येनार?" मालनबाईंच्या संगतीने बोली पार बिघडलीय तिची. मी म्हटलं, 'तुम्ही', 'कधी', 'येणार'. तिने तिन्ही शब्द पुन्हा म्हणून दाखवले आणि टेम्पोत चढली.

२५ मे, मंगळवार

मालनबाई दोनदा सांगून गेल्या, की सिल्व्हियाचा त्यांच्याकडे फोन येतो. "तुमचा फोन म्हनं कायम एंगेज. बाई बोलत हुती, कृपाचा ताप उतारला, सांगा तेवढं." ताप कधी आला होता? विचारलं तर म्हणाल्या, "शुक्करवारी. तवाबी सांगिटलं हुतं मी." सांगितलं असेल. मी 'हं' म्हटलं असेल.

वाईट वाटलं. संध्याकाळी जोडणी न करता अर्धा तास फोनपाशी बसलो. नेमका आज आला नाही.

घरात भाकरी दादा करतात. जाड होतात.

६ जून, रविवार

झालं!

चूक हास्यास्पद निघाली. ऱ्ची रुंदी मी एका ठिकाणी शून्य धरली होती. जुना ब्राउझर समजून घ्यायचा, नवा घेत नाही. जागाच दिली नाही तर अक्षर कुठे बसणार? दुरुस्त केलं आणि पहिला शब्द 'बिऱ्हाड' टाकला. स्वच्छ दिसला. आवृत्ती चढवली. तासाभरात नऊ जणांचे आभार आले, जालिंदर तर लिहितो, "साहेब, पोट भरलं."

सिल्व्हियाला सांगायचं म्हणून कर्जतच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "सिस्टर क्वार्टरवर असतील. नाहीतर बाजारात. मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलं ना, गणवेश शिवायला कापड घेणार होत्या."

मी फोन ठेवला. दादा शेंगा सोलत होते. मी म्हटलं, दादा, कृपाचं नाव कर्जतच्या शाळेत कसं?

"तूच सही केलीस की दाखल्याच्या अर्जावर. वर शुद्धलेखन तपासलंस."

मग ते उठले, दाराचा कागद टाचण्यांसकट काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि सिल्व्हियाच्या अक्षरावर बोट टेकवलं. "हे वाच. खोडल्यालं धरून वाच. खाली खाली."

मी वाचलं. दुसऱ्या गावी बिऱ्हाड करते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"समद्यांना म्हाईत हुतं. मालनबाईलासुदीक."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगिटलं की. तोंडानं सांगिटलं, मग तू जे वाचतूस त्याच्यावर लिवून ठिवलं. आता आनि काय करावं तिनं?" दादांचा आवाज चढला होता. मग खाली बसले. "कंपोझिटरचं आसंच व्हतं, बाबा. अक्षर बघतो, मजकूर न्हाई बघत. मी चाळीस वर्सं केलं. तुजी आई आजारी हुती तवा तिनं सासरवाडीहून धाडल्यालं पत्र मी आसंच वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. जायला चार दिस उशीर केला."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हाचं आम्हाला इतकंच माहीत होतं, की दादा वेळेत पोचले नाहीत.

७ जून, सोमवार

पहिल्या एसटीने कर्जतला गेलो. अडीचाचे तीन तास झाले, सगळे उभ्याने. सिल्व्हिया ही बस रोज दोनदा करत होती, चार महिने. मला ते अंतर फक्त आकड्यात माहीत होतं.

क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे कडुनिंब. सगळं लागलेलं. मशीन खिडकीशी, कृपाचं दप्तर खुंटीला. कृपा धावत आली आणि मध्येच थांबून म्हणाली, "पप्पा, तुम्ही कधी आलात?" एकेक अक्षर शुद्ध. मला रडू आलं, खरंच आलं. मी म्हटलं, तुला हवं तसं बोल गं.

सिल्व्हिया ड्यूटीवरून दोनला आली. चहा टाकला. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली.

"मी चिडून नाही आले," ती म्हणाली. "दमून आले. तीनदा विचारलं तुम्हाला. मग म्हटलं, लिहून बघू. तुम्ही शब्द खोडलेत. त्या दिवशी मला हसायलाही आलं, आणि मग नाही आलं."

मी म्हटलं, खिळा बंद करतो. आजच.

"बंद करा असं कोण म्हणालं? चांगलं काम आहे. मी काय अडाणी आहे का?" ती चिडली ती इथे. "माझ्या वॉर्डात वीस पेशंट आहेत. ड्यूटी संपली की मी हात धुऊन घरी येते, पेशंट वीसच राहतात. दुसरी सिस्टर बघते, नाहीतर ते सकाळपर्यंत वाट बघतात. तुमची ड्यूटी कधी संपते?"

 मी म्हटलं, शनिवार-रविवार पूर्ण तुमचे.

"उलटं. शनिवार त्याला द्या. उरलेले आमचे."

"एका दिवसात होणार नाही गं. चारशे लोक आहेत."

"आम्ही दोघी आहोत," सिल्व्हिया म्हणाली. "दादा धरून तिघं."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, पण भीती वाटतेय हेही लिहून ठेवतो. इथे इंटरनेटची जोडणी नाही. मी हट्टी माणूस आहे. एक गोष्ट धरली की धरली. आता हे धरायचं.

१३ जून, रविवार

टेम्पोत कॉम्प्युटर, दादा आणि दादांचा पलंग. मालनबाई रडल्या. "आता फोन कुनाचा सांगू?" म्हणाल्या.

काल नगरहूनच पानावर सूचना चढवली. तीन वेळा लिहावी लागली. पहिल्या खेपेला क्षमायाचना फार झाली, दुसऱ्या खेपेला तोरा. शेवटी एवढंच ठेवलं: 'खिळ्याची दुरुस्ती आणि पत्रांची उत्तरे दर शनिवारी. इतर दिवशी होणार नाहीत.'  चढवताना पुण्याच्या त्या गृहस्थांचा चेहरा दिसत होता, जो मी कधी पाहिलेला नाही.

१७ जून, गुरुवार

संध्याकाळी सहा वाजता बोटं शिवशिवतात. सहाला मशीनवर सिल्व्हिया बसते, कृपाच्या गणवेशाचा दोरा मी ओवून देतो. चौथ्यांदा ओवला जातो.

लग्नपत्रिकेचं एक काम मिळालं इथल्या छापखान्यात. दादांनी मुद्रितं तपासली. मी त्यांना म्हटलं, आता मजकूरही वाचा. म्हणाले, "वाचला. नवरदेव वयानं लई मोठा दिसतोय."

२६ जून, शनिवार

नगरला मित्राच्या छापखान्यात बसून लिहितोय. गेल्या शनिवारी कृपाला शाळेत बक्षीस होतं म्हणून आलोच नाही, त्यामुळे दोन आठवड्यांची पत्रं साचलेली, त्रेसष्ट. सतरा जणांनी खिळा काढून टाकला. पुण्याच्या गृहस्थांनी लिहिलंय, 'अपेक्षित होतंच.' त्यांना उत्तर दिलं नाही. सकाळपासून चार चुका दुरुस्त केल्या, पाचवी राहिली. ती पुढच्या शनिवारपर्यंत वाट बघेल.

जालिंदरची तीन पत्रं. जोडाक्षर तुटतंय, अशी पहिल्यात तक्रार, दुसऱ्यात आठवण, तिसऱ्यात राग. "साहेब, पंधरा दिस झालं. कुठं हुता?"

उत्तर लिहायला घेतलं. आधी लिहिलं, तांत्रिक अडचण होती. खोडलं. मग लिहिलं, तब्येत बरी नव्हती. तेही खोडलं. खोटं कशाला? शेवटी एकच ओळ लिहिली, 'घरी होतो', आणि पाठवली. सहा वर्षं मस्कतला असलेल्या माणसाला असं लिहायला नको होतं, हे पाठवल्यावर लक्षात आलं. पण तोवर गेली होती.

चारची एसटी गाठायची म्हणून आवरत होतो, तेवढ्यात त्याचं उत्तर आलं. तो तिकडे दुकानात बसलेला असणार.

"मंग काय घाई न्हाई, साहेब. तुमी जावा."